लिटरचे तेल, किलोचा हिशेब

तेलाची एक लिटरची पिशवी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी महिन्यातून दोन-चार वेळा तरी येते. ती तराजूवर ठेवून पाहणारे मात्र थोडे. एकदा ठेवून पाहावी. काटा एक किलोपर्यंत पोहोचणार नाही. नऊशे दहा ग्रॅमच्या आसपास, आणि पिशवीच्या प्लास्टिकचे चार-सहा ग्रॅम पुढे, असा तो थांबेल. यात दुकानदाराने मापात मारले असे समजण्याचे कारण नाही. तेल पाण्यापेक्षा हलके असते, एवढाच त्याचा अर्थ.

मिसळीवरची तर्री किंवा आमटीवरचा तवंग रोज पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तेल वर तरंगते, कारण तेवढ्याच जागेत मावणारे पाणी त्याच्याहून जड असते. एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो, हे आपण शाळेत शिकलो आणि नकळत ते सगळ्याच पातळ पदार्थांना लावू लागलो. दुधाच्या बाबतीत फारसे बिघडत नाही. एक लिटर दूध एक किलो तीस ग्रॅमच्या आसपास भरते. मधाच्या बाबतीत मात्र एक लिटर म्हणजे जवळजवळ एक किलो चारशे ग्रॅम. तेल याच्या उलट बाजूला. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, करडई, तीळ, मोहरी, खोबरेल, यांपैकी कोणतेही घेतले तरी आपल्याकडच्या नेहमीच्या हवेत एका मिलिलिटरचे वजन ०.९१ ते ०.९२ ग्रॅम भरते. जवसाचे तेल किंचित जड, ०.९३ च्या घरात. एरंडेल त्याहून जड, ०.९६, पण त्याची कोणी फोडणी देत नाही. स्वयंपाकघरापुरता ०.९१ हा एकच आकडा पुरेसा आहे. तेलातेलांतला फरक इतका बारीक असतो की घरच्या काट्यावर तो दिसायचाही नाही.

म्हणजे हिशेब असा : मिलिलिटरला ०.९१ ने गुणले की ग्रॅम मिळतात, ग्रॅमला ०.९१ ने भागले की मिलिलिटर. गुणाकार-भागाकार नको असेल तर ‘अकराला दहा’ एवढे लक्षात ठेवावे. अकरा मिलिलिटर तेल म्हणजे दहा ग्रॅम. एकशे दहा मिलिलिटर म्हणजे शंभर ग्रॅम. ग्रॅमवरून मिलिलिटर काढायचे असतील तर दहावा भाग मिळवायचा, मिलिलिटरवरून ग्रॅम काढायचे असतील तर अकरावा भाग वजा करायचा. पाव किलो तेल म्हणजे २७५ मिलिलिटर. अर्धा लिटर तेल म्हणजे ४५५ ग्रॅम.

या घोटाळ्याचे मूळ बहुधा आपल्या जुन्या सवयीत आहे. शेर हा वजनाचाही होता आणि मापाचाही. धान्य मापाने, गूळ वजनाने, आणि दोन्हीकडे शब्द एकच. १९५६ साली दशमान पद्धतीच्या वजनमापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत किलो आणि लिटर ही दोन वेगळी नावे बाजारात आली. नावे वेगळी झाली, पण मनातला शेर एकच राहिला. आजही ‘किलोभर तेल आण’ म्हणून पाठवलेला मुलगा लिटरची पिशवी घेऊन येतो आणि घरात कोणाला काही वावगे वाटत नाही.

आधी खिशाकडे पाहू, कारण तिथे हा फरक लगेच दिसतो. तेलाचे मोठे डबे पंधरा किलोचेही मिळतात आणि पंधरा लिटरचेही. दोन्ही पत्र्याचे, दोन्ही चौकोनी, दुरून सारखेच. पंधरा किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल असते. पंधरा लिटरच्या डब्यात मात्र तेरा किलो सहाशे पन्नास ग्रॅम. फरक एक किलो साडेतीनशे ग्रॅमचा, म्हणजे लहान कुटुंबाचे दोन आठवड्यांचे तेल. समजा, किलोचा डबा २४०० रुपयांना आहे आणि लिटरचा २२५० ला. दीडशे रुपये वाचले म्हणून आपण दुसरा उचलतो. आता किलोमागे दर काढा. पहिल्या डब्याचा १६० रुपये पडतो, दुसऱ्याचा जवळजवळ १६५. स्वस्त म्हणून आणलेला डबा महाग निघाला. लग्नकार्यासाठी, खानावळीसाठी, बचत गटाच्या फराळासाठी डब्यांनी तेल घेणाऱ्यांनी आधी ‘किलो की लिटर?’ हे विचारावे आणि मगच भाव करावा. लाकडी घाण्यावरही हाच नियम. एक घाणेवाला किलोचा भाव सांगतो, दुसरा लिटरचा. दोन्ही भाव एकाच मापात आणल्याशिवाय कोण स्वस्त ते ठरत नाही. लिटरच्या भावाला ०.९१ ने भागले की किलोचा भाव मिळतो.

अलीकडे पिशव्यांचे आकारही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. एके काळी खाद्यतेल ठराविक मापांतच बांधावे असा नियम होता. ते बंधन २०२२ च्या सुमारास उठले, आणि आता लिटरच्या पिशवीशेजारी तिच्याच उंचीची ८५० ग्रॅमची किंवा ८०० ग्रॅमची पिशवीही दिसते. ८५० ग्रॅम म्हणजे सुमारे ९३५ मिलिलिटर. बघायला लिटरसारखीच, भरायला साठ ग्रॅम कमी. कंपनीने छापलेले असते, लपवलेले काही नसते. वाचायचे आपण असते. त्याच पिशवीवर एका ग्रॅमला किंवा एका मिलिलिटरला किती पैसे पडतात हेही छापलेले असते. तो बारीक आकडा वाचण्याची सवय लावून घेतली तर दुकानात उभे राहून गुणाकार करावा लागत नाही. फक्त एका पिशवीवर तो ग्रॅमला आणि दुसरीवर मिलिलिटरला असेल तर ‘अकराला दहा’ आठवावे.

आता उष्णतेची गोष्ट. तेल तापले की फुगते. वजन तेच राहते, जागा मात्र जास्त लागते. दर अंशाला वाढ अगदी थोडी, लिटरमागे पाऊण मिलिलिटरहूनही कमी. पण अंश पुष्कळ असले की ती जाणवते. तीस अंशांना ज्या लिटरभर तेलाचे वजन ९१० ग्रॅम, त्याच लिटरचे साठ अंशांना ८९० ग्रॅमच्या आसपास भरते. ‘साठ अंश तापमानाला एक लिटर’ असे छापले की कायद्याने लिटर पुरा होतो आणि गिऱ्हाइकाच्या पदरात वीस ग्रॅम कमी पडतात. असे प्रकार लक्षात आल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने खाद्यतेल भरणाऱ्या कंपन्यांना सूचना दिली की, तेलाचे आकारमान छापताना तापमानाचा उल्लेख करू नये, आकारमानाबरोबर वजनही छापावे आणि ते वजन खरोखर भरावे. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली होती. म्हणूनच आज पिशवीवर ‘१ लिटर’ आणि ‘९१० ग्रॅम’ असे दोन आकडे जोडीने दिसतात. दोन्हींत भरवशाचा वजनाचा. चंद्रपूरच्या मे महिन्यात काय किंवा महाबळेश्वरच्या डिसेंबरात काय, ९१० ग्रॅम ते ९१० ग्रॅमच. छापील वजनापेक्षा पिशवी स्पष्टपणे हलकी निघाली तर वैधमापन शास्त्र विभागाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र तक्रार करण्यापूर्वी लिटरच्या पिशवीचे वजन किलोभर असायला हवे, हा समज मनातून काढून टाकावा.

एवढे झाल्यावर कोणी विचारील, आरोग्याच्या सदरात हा तेलवाण्याचा हिशेब कशाला? त्याचे कारण असे की, तेलाबद्दलचा वैद्यकीय सल्ला ग्रॅममध्ये असतो, बाजारात तेल लिटरमध्ये मिळते आणि स्वयंपाकघरात ते पळीने पडते. या तिघांची गाठ घालून दिल्याखेरीज ‘तेल कमी करा’ या सांगण्याला काही अर्थ उरत नाही. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांना आहाराचा कागद दिला जातो, त्यावर ‘तेल २० ग्रॅम’ असे लिहिलेले असते. घरी कोणी ग्रॅम मोजत नाही. ‘वीस ग्रॅम म्हणजे चार चमचे’ असे कोणीतरी सांगते आणि तिथून पुढे चमचा ज्याचा त्याचा.

इथे स्पष्ट सांगतो. वीस ग्रॅमऐवजी वीस मिलिलिटर मोजले तर आपण अठरा ग्रॅम तेल खाल्ले. दोन ग्रॅमच्या फरकाने कोणाचे काही बिघडत नाही. औषधाचा चमचा पाच मिलिलिटरचा, त्यात साडेचार ग्रॅम तेल मावते. चार चमचे म्हणजे अठरा ग्रॅम. आहारतज्ज्ञ सोयीसाठी चमच्याला पाच ग्रॅम धरतात, तेही चालते. खरा गोंधळ चमच्यात आहे. चहाचा म्हणून जो चमचा घरात असतो तो कुठे तीन मिलिलिटरचा, कुठे पाचचा. पोह्याच्या चमच्यात दहा मिलिलिटर सहज मावते. तेलाच्या बरणीत कायम बुडून असलेली पळी तर पंधरा, वीस, पंचवीस, काहीही असू शकते. पोह्याच्या चमच्याने चार चमचे घेतले की चाळीस मिलिलिटर, म्हणजे छत्तीस ग्रॅम झाले. सांगितले त्याच्या जवळजवळ दुप्पट. औषधाच्या चार चमच्यांपेक्षा अठरा ग्रॅम जास्त, आणि दर ग्रॅमला नऊ उष्मांक, म्हणजे नऊ कॅलरी, या हिशेबाने रोजचे एकशे साठ उष्मांक वाढले. ते जवळपास दोन फुलक्यांइतके होतात. रुग्ण बिचारा पोळी मोजून खातो, भात सोडतो, आणि साखर का उतरत नाही, वजन का हलत नाही म्हणून कष्टी होतो. घरातली बाईही खोटे बोलत नसते. तिने चार चमचेच घातलेले असतात.

रोजचे दहा ग्रॅम तेल जास्त गेले तर वर्षाचे साडेतीन किलोंहून अधिक तेल आणि तेहतीस हजारांच्या आसपास उष्मांक होतात. कागदावर त्याची चार किलो चरबी होते. शरीर इतके सरळ गणित पाळत नाही, कारण वजन वाढले की खर्चही थोडा वाढतो. पण दिशा चुकत नाही.

मग किती तेल खावे? भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम वरून घातलेले तेल-तूप पुरे होते. मध्यम कष्टांना ३० आणि २५, जड कष्टांना ४० आणि ३०. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला ३०. वाढत्या वयाच्या मुलांची गरज मोठ्यांपेक्षा जास्त असते. घरात बाबांना तेल वर्ज्य झाले म्हणून शाळकरी पोराच्या ताटातले तेल काढून घेणे बरोबर नाही. याच संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटासाठी २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. २७ ग्रॅम म्हणजे जवळजवळ तीस मिलिलिटर, औषधाचे सहा चमचे. या आकड्यात तूप, लोणी, वनस्पती तूप हे सारे येते. दाण्याचे कूट, ओले खोबरे, दूध यांतला स्निग्धांश वेगळा. तो या हिशेबात नाही, पण पोटात मात्र जातोच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात चाळीस ग्रॅमच्या आसपास तेल असते, हे कुटाच्या आमटीवर तेल सोडताना आठवावे.

आपल्या घरात माणशी किती तेल जाते हे काढायला रोज मोजमाप करण्याची गरज नाही. महिन्याच्या किराणा यादीवरून ते निघते. आजी-आजोबा आणि मुलगा-सून असे चार जणांचे घर घ्या, सगळ्यांचे काम बैठे. शिफारशीप्रमाणे दिवसाला ९० ग्रॅम, महिन्याला २७०० ग्रॅम, म्हणजे तीन लिटरला जेमतेम कमी. तूपसुद्धा यातच. आता याच घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल तर? पाच लिटर म्हणजे ४५५० ग्रॅम. त्याला तीस दिवसांनी आणि चार माणसांनी भागले की माणशी रोज ३८ ग्रॅम. आणि पाच किलो संपत असेल तर जवळजवळ ४२ ग्रॅम. शिवाय तूप आहे, बाहेरची भजी आहेत, फरसाण आहे, रविवारचा वडापाव आहे. हा भागाकार करून पाहिल्यावर ‘आमच्याकडे तेल अगदी कमी असते हो’ हे वाक्य पुष्कळ घरांतून नाहीसे होईल. भागाकार करताना आलेगेले पाहुणे आणि सणावारांचे तळण वगळायचे नाही, तेही कोणीतरी खाल्लेले असते. दोन-तीन महिन्यांची सरासरी घ्यावी. दिवाळीचा महिना एकटा धरून कोणी घाबरून जाऊ नये.

पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून घरच्या तेलात दहा टक्के कपात करण्याचे आवाहन केले होते. त्या आवाहनाची एक गंमत अशी की, जे घर दरमहा पाच किलो तेल आणत होते त्याने किलोऐवजी लिटर आणायला सुरुवात केली तरी नऊ टक्के कपात आपोआप होते, अर्थात मध्येच आणखी एक पिशवी आणली नाही तर. याची उलट बाजूही आहे. किलोचे लिटर झाले आणि ‘आता आमचे तेल दहा टक्क्यांनी वाढले’ असे कोणी समजू लागले तर तेही चुकीचे. मागच्या वर्षीशी तुलना करायची तर दोन्ही आकडे ग्रॅममध्येच हवेत.

पिशवीवरच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यातही हाच सापळा असतो. एका तेलावर ‘शंभर ग्रॅममध्ये ९०० कॅलरी’ असे छापलेले असते, दुसऱ्यावर ‘शंभर मिलिलिटरमध्ये’ असे म्हणून ८२० किंवा ८२८. दुसरे तेल हलके, पथ्याचे, असा ग्रह होतो. तसे काही नाही. शंभर मिलिलिटरमध्ये तेलच मुळी ९१-९२ ग्रॅम असते, त्याला नऊने गुणले की हाच आकडा येतो. कोणतेही शुद्ध खाद्यतेल घ्या, स्वस्त घ्या, महाग घ्या, परदेशातून आलेले ऑलिव्हचे घ्या. ग्रॅमला उष्मांक नऊच. तेलातेलांत फरक असतो तो त्यांतल्या स्निग्धाम्लांच्या प्रकारांचा, आणि तो विषय वेगळा.

आतापर्यंतची चर्चा जास्त खाणाऱ्यांची झाली. जिथे थोडे कमी पडले तरी चालत नाही अशाही जागा आहेत. शाळेतल्या मध्यान्ह भोजनाच्या निकषांत प्राथमिकच्या मुलामागे रोज ५ ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे ७.५ ग्रॅम तेल धरलेले आहे. निकष ग्रॅमचा आणि पुरवठा पिशवीचा. ‘एक लिटर म्हणजे हजार ग्रॅम’ असा हिशेब केला तर पिशवी दोनशे मुलांना पुरायला हवी. प्रत्यक्षात ती १८२ मुलांनाच पुरते. वरच्या वर्गांत १३३ ऐवजी १२१ ना. कागदावर तेल पुरले आणि कढईत कमी पडले की संशय स्वयंपाक करणाऱ्या बाईवर येतो. वास्तविक तिने एक थेंबही घरी नेलेला नसतो. नोंदवहीत पिशव्यांचे वजन लिहिले तर हा तिढा निर्माणच होत नाही.

याहून नाजूक ठिकाण म्हणजे अतितीव्र कुपोषित बालकांची पोषण पुनर्वसन केंद्रे. तिथे बाळाचे वजन भरून येण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘एफ-१००’ नावाच्या सूत्राप्रमाणे दुधाचा आहार देतात. साय काढलेल्या दुधाची पावडर ८० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, तेल ६० ग्रॅम, क्षारांचे मिश्रण, आणि पाणी घालून एकूण एक लिटर. या लिटरभर आहारातल्या हजारभर उष्मांकांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या तेलातून येतात. ६० ग्रॅम म्हणजे ६६ मिलिलिटर. मापाच्या पेल्यात साठच्या रेघेपर्यंत तेल घेतले तर साडेपाच ग्रॅम, म्हणजे पन्नासएक उष्मांक, दर लिटरमागे कमी पडतात. ज्या मुलाचे वजन रोज ग्रॅमवारी मोजले जाते त्याच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही. हा आहार घरी करून पाहण्याचा मात्र नव्हे. तो कधी आणि किती द्यायचा हे केंद्रातले डॉक्टरच ठरवतात.

घरचे माप कसे तपासावे ते सांगतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर रेघांचे छोटे प्लास्टिकचे झाकण येते, त्यावर ५, १०, १५ मिलिलिटर अशा खुणा असतात. ते स्वच्छ धुऊन ठेवावे. आपल्या तेलाच्या पळीत काठोकाठ पाणी घेऊन ते त्या झाकणात ओतून पाहावे. एक पळी फार लहान असेल तर पाच पळ्या ओतून पाचाने भागावे. किती मिलिलिटर आले ते कळले की अकराला दहा या प्रमाणात ग्रॅम काढावेत आणि आकडा तेलाच्या बरणीवर चिकटपट्टीने लावून ठेवावा. वाटीसाठी किराणा दुकानातला काटा बरा. रिकाम्या वाटीचे वजन वजा करून पाण्याचे जेवढे ग्रॅम, तेवढेच तिचे मिलिलिटर; त्याच्या ०.९१ पट ग्रॅम तेल तिच्यात मावेल. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत १३६ ग्रॅम तेल असते. ज्यांच्या घरात पथ्याचा रुग्ण आहे त्यांनी सकाळीच दिवसाचे तेल मोजून एका लहान बाटलीत काढून ठेवावे. दिवसभराच्या पोळ्या, भाजी, आमटीची फोडणी सगळे त्यातूनच. चमचे मोजण्यापेक्षा हे सोपे जाते. फोडणी टाकणाऱ्या हाताला बाटलीतले उरलेले तेल दिसत असते.

तुपाचे पातळ रूप तेलासारखेच. एक लिटरच्या पुड्यावर ९०५ ग्रॅम असे छापलेले आढळते. पण थिजलेले तूप चमच्यावर डोंगरासारखे उभे राहते. सपाट चमचा आणि शीग चमचा यांत दुपटीचा फरक पडतो, तेव्हा तुपाला चमच्याचे माप लावायचे असेल तर ते पातळ करून लावावे. खोबरेल थंडीत चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजते आणि बाटलीतली पातळी खाली गेलेली दिसते. तेल कमी झालेले नसते. वजन करून पाहावे, तितकेच भरेल.

लोणच्याच्या कृतीत ‘पाव किलो तेल’ लिहिले असेल तर २७५ मिलिलिटर घ्यावे. पेल्याने अडीचशे घेतले तर पंचवीस मिलिलिटरच्या आसपास तेल कमी पडते. फोडी तेलाखाली बुडत नाहीत आणि पावसाळ्यात वरच्या फोडींना बुरा धरतो. केकच्या कृतीत लोण्याऐवजी तेल घालणाऱ्या मुलींनी उलट काळजी घ्यावी. लोण्यात पाणीही असते, शंभर ग्रॅम लोण्यातला स्निग्धांश ऐंशी-ब्याऐंशी ग्रॅमच. त्याच्या जागी नव्वद मिलिलिटर तेल पुरते.

राहता राहिले तळण. पुऱ्या तळून झाल्यावर ‘कढईतले तेल फारसे कमी झालेच नाही’ असे वाटते, कारण तापलेले तेल फुगलेले असते. तळणाच्या तापमानाला, म्हणजे एकशे ऐंशी अंशांच्या आसपास, ते गार तेलापेक्षा दहा-बारा टक्के जास्त जागा व्यापते. लिटरभर तेलाचे शंभरावर मिलिलिटर नुसते उष्णतेने वाढलेले असतात. म्हणूनच कढई कधी काठोकाठ भरू नये. तेल तापून वर येते आणि ओलसर पुरी सोडली की उतू जाऊन भडका उडू शकतो. तळणात किती तेल खर्च झाले हे पाहायचे असेल तर आधी तेलाचे वजन करावे, तळण झाल्यावर कढई पूर्ण गार होऊ द्यावी, तेल गाळून पुन्हा वजन करावे. जो फरक येईल त्याला पुऱ्यांच्या संख्येने भागले की एका पुरीतले तेल कळते. पहिल्यांदा हा भागाकार करताना जवळ खाणारी मंडळी नसलेली बरी.